"वेल-बिहेव्ह्ड विमेन सेल्डम मेक हिस्ट्री" (शब्दशः, गुणी बायका क्वचितच इतिहास घडवतात) हे वाक्य नक्की कोणाचं? मर्लिन मन्रोचं का?

मन्रोचं नाही. एलेनॉर रूझवेल्टच्या नावावरही ते खपवलं जातं, तिचंही नाही. ते लॉरेल थॅचर अल्रिक यांचं आहे. या बाई अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. आणि दर ८ मार्चला ते ज्या अर्थाने आपल्या फोनवर येऊन आदळतं, त्या अर्थाने त्यांनी ते लिहिलंच नव्हतं.

आधी एक कबुली देते. हे वाक्य छापलेला कॉफीचा मग माझ्याकडे आहे. कॉलेजात असताना हौसेने घेतला होता. "गुणी बायकांना कोण विचारतं, तेव्हा थोडा आगाऊपणा हवाच" असा अर्थ मी सोयीने लावून घेतला होता आणि आईशी वाद घालताना तो कॉफीचा मग पुढेही केला होता.

वाक्य १९७६ सालचं. 'अमेरिकन क्वार्टर्ली' या नियतकालिकात अल्रिकबाईंचा एक लेख आला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, जुन्या पाद्र्यांनी बायकांबद्दल काय काय लिहून ठेवलंय, हा त्याचा विषय. त्यात बायकांच्या मृत्यूनंतर दिलेली प्रवचनं बरीच. तेव्हा त्या प्राध्यापकही नव्हत्या, अजून शिकत होत्या. लेखाच्या सुरुवातीलाच त्या म्हणतात की नेमाने देवाचं करणाऱ्या, घर चालवणाऱ्या, ना मत ना पद असलेल्या या बायका इतिहासात सापडत नाहीत. चेटकीण ठरवलेल्या किंवा धर्मगुरूंशी भांडलेल्या बाईवर लिहिलं जातं, यांच्यावर नाही. म्हणजे टोमणा बायकांना नव्हता, इतिहासकारांना होता.

आपल्याकडे घोळ भाषांतरातही होतो. सगळे "इतिहास घडवत नाहीत" असं करतात आणि गाडी तिथेच रूळ सोडते. "त्यांना इतिहासात जागा मिळत नाही" असं म्हणून बघा, अर्थ जागेवर येतो.

पुढे १९९५ मध्ये एका पुस्तकाच्या सुरुवातीला ते वाक्य सुटं छापलं गेलं. पुढच्याच वर्षी एका तरुणीने ते टी-शर्टवर छापायची परवानगी मागितली, बाईंनी दिली. त्यानंतर कॉफीचे मग, स्टिकर, पिशव्या, सगळंच आलं. २००७ मध्ये त्यांनी हेच वाक्य शीर्षक म्हणून घेऊन एक अख्खं पुस्तक लिहिलं. चिडून मात्र नाही, मजेत लिहिलंय.

आता बाईंबद्दल. जन्म १९३८, आयडाहो राज्यातल्या शुगर सिटी नावाच्या छोट्या गावात, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरात. यूटा विद्यापीठातून पदवी, लवकर लग्न, नवऱ्याच्या शिक्षणासाठी बॉस्टन, मग त्याच्या नोकरीसाठी न्यू हॅम्पशर. मुलं पाच. एम.ए. १९७१ मध्ये, पीएच.डी. १९८० मध्ये, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, तीही नवरा जिथे शिकवायचा त्याच विद्यापीठातून. पुढे तिथेच शिकवलं आणि १९९५ मध्ये हार्वर्डला गेल्या. २००९ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. पण हा सगळा बायोडाटा झाला. त्यांचं खरं काम एका सुईणीच्या डायरीत आहे.

मार्था बॅलर्ड ही अमेरिकेच्या मेन प्रांतात केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावची सुईण. नवरा इफ्रैम जमिनीची मोजणी करायचा. नऊ मुलं झाली, त्यातल्या तीन मुली १७६९ च्या घटसर्पाच्या साथीत काही दिवसांत गेल्या. १७८५ च्या १ जानेवारीपासून १८१२ च्या मे महिन्यापर्यंत, सत्तावीस वर्षं, ती रोज चार-दोन ओळी लिहीत होती. हवा कशी होती, कोण आलं, किती सूत काढलं, कोणाचं बाळंतपण केलं. डायरीत ८१६ बाळंतपणांची नोंद आहे.

ही डायरी लपलेली नव्हती. आधीच्या इतिहासकारांनी चाळली होती, पण एकोणिसाव्या शतकात गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती सर्वसाधारण वाचकाच्या कामाची नाही म्हणून बाजूला सारली. आणि गंमत म्हणजे १९७० च्या दशकात सुईणींवर लिहिलेल्या एका स्त्रीवादी पुस्तकातही तिची बोळवण झाली ती घरकामाच्या किरकोळ तपशिलांनी भरलेली म्हणून! अल्रिकबाईंनी नेमके तेच किरकोळ तपशील धरले. आठेक वर्षं मोजणी केली, कोर्टाची कागदपत्रं आणि गावातल्या इतरांच्या डायऱ्या शेजारी ठेवून वाचल्या. १९९० मध्ये 'अ मिडवाइफ्स टेल' आलं आणि १९९१ चं इतिहासाचं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं.

एक नमुना सांगते. त्या काळी लग्न न झालेली मुलगी बाळंत होत असेल, तर ऐन कळांमध्ये सुईणीने तिला बापाचं नाव विचारायचं, अशी रीत होती. त्या वेळी बाई खोटं बोलणार नाही, असं धरलं जायचं आणि ती साक्ष कायद्यात चालायची. २३ ऑक्टोबर १७९१ ला मार्था सॅली पिअर्सच्या बाळंतपणाला गेली. तिने विचारलं. सॅलीने नाव घेतलं जोनाथन बॅलर्डचं, म्हणजे मार्थाच्याच मुलाचं. मार्थाने ते जसंच्या तसं लिहून ठेवलं, "माझा मुलगा जोनाथन" असं. रडारड नाही, एक शब्द जास्तीचा नाही. चारेक महिन्यांनी दोघांचं लग्न झालं.

आता इतर कोणी इथे थांबून शंभर पानांची कादंबरी केली असती. अल्रिकबाईंनी पहिलटकरणींच्या नोंदी मोजल्या. डायरीत १०६ पहिली बाळं सापडली, त्यातल्या ४० जणांची चाहूल आईबापांच्या लग्नाआधीच लागलेली. प्युरिटनांच्या, म्हणजे इथे आधी येऊन वसलेल्या कडक सोवळ्या ख्रिस्ती लोकांच्या, नातवंडांबद्दल आपण जे धरून चाललेलो असतो, ते इथे जरा हलतं. शिवाय यातली बहुतेक जोडपी पुढे लग्न करून गावात नीट नांदली. वेल-बिहेव्ह्ड कोणाला म्हणायचं, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

डॉक्टरांचा किस्सा तर मी मैत्रिणींना वाचून दाखवते. ऑक्टोबर १७८९, एक पहिलटकरीण, कळा व्यवस्थित येतायत. घरचे घाबरले आणि त्यांनी बेंजामिन पेज या तरुण डॉक्टरला बोलावलं. त्याने वीस थेंब लॉडनम पाजलं, म्हणजे अफूचा अर्क. बाई गुंगीत गेली, कळा जवळजवळ थांबल्या. संध्याकाळकडे तिला उलटी झाली, मग कळा परतल्या आणि सात वाजता मुलगा झाला. मार्थाने हे कुठलंही विशेषण न लावता लिहिलंय. हिशेब असा की आयुष्यभरात हजाराच्या आसपास बाळंतपणं, त्यात प्रसूती चालू असताना एकही आई दगावली नाही. नंतरच्या बाळंतपणाच्या दिवसांत पाच जणी गेल्या.

ती वारली तेव्हा पेपरात एक ओळ आली. श्री. इफ्रैम बॅलर्ड यांच्या पत्नी मार्था, वय ७७, ऑगस्टा येथे निधन. (हॅलोवेलचा तो भाग तोवर ऑगस्टा झाला होता.) सुईणपणाचा उल्लेखसुद्धा नाही. डायरी घरातल्या बायकांच्या हातून हातात जात राहिली. शेवटी ती आली खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे, १८८४ मध्ये. ती त्याच सुमारास डॉक्टर झाली होती. १९३० मध्ये तिने ती मेनच्या स्टेट लायब्ररीला दिली, आणि अल्रिकबाईंच्या हाती लागली ती तिथेच.

पुस्तक वाचायला घेणार असाल तर सांगून ठेवते, मी ते दोनदा अर्धवट सोडलं. प्रत्येक प्रकरण डायरीच्या कच्च्या पानांनी सुरू होतं आणि मार्थाचं स्पेलिंग तिचं स्वतःचं आहे. "कॉल्ड" (Calld), "क्रॉस्ट" (Crosst) असे शब्द कानाने वाचायचे, डोळ्यांनी नाही. तिसऱ्यांदा मी मोठ्याने वाचलं आणि जमलं. २४ एप्रिल १७८९ ची नोंद आधी काढा. मुसळधार पाऊस, खवळलेली नदी होडीतून पार केली, पुढचा ओढा तरंगत्या ओंडक्यांवरून. मग घोड्यासमोर एक मोठं झाड मुळासकट आडवं झालं. त्यापुढच्या ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला, तर न्यायला आलेल्या माणसाने पाण्यात उतरून लगाम धरला आणि घोडा पलीकडे नेला. रात्री दहाला ह्यूइन्स बाईंना मुलगी झाली. डायरीची मूळ पानं स्कॅन करून 'डू हिस्ट्री' नावाच्या साइटवर फुकट ठेवलेली आहेत, तिचं अक्षरही बघता येतं.