हान्यांगच्या रायफलीविषयी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. चिनी बंदुकांवरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा वाचला. ‘हान्यांग ८८ ही जर्मन रायफलीची निव्वळ नक्कल’ एवढे म्हणून तू पुढे निघून गेला आहेस. माझी तक्रार त्याच वाक्याविषयी आहे.

मूळ १८८८ च्या जर्मन रायफलीत नळीवर पातळ पत्र्याचे नळकांडे चढवलेले असे. तापलेली नळी लाकडाला टेकून नेम बिघडू नये, हा त्यामागचा हेतू होता. पण पत्रा चेपे आणि आत ओल साचून नळीला गंज धरे. चिनी सुभेदार झांग झितोंग यांनी हुबेई प्रांतात उभारलेल्या हान्यांगच्या कारखान्यात १८९५ पासून ही रायफल होऊ लागली, आणि १९०४ मध्ये तिथल्या कारागिरांनी ते नळकांडेच काढून नळीवर लाकडी झाकण बसवले. याला निव्वळ नक्कल कसे म्हणावे?

त्यांनी काय बदलले नाही, हेही पाहा. पाच काडतुसे त्यांना एकत्र धरणाऱ्या पोलादी क्लिपसकट वरून आत दाबायची, आणि शेवटचे काडतूस वर सरकले की रिकामी क्लिप खालच्या भोकातून गळून पडायची. त्याच भोकातून चिखल आत शिरे, हा दोष या रायफलीला अखेरपर्यंत चिकटून राहिला. तरीही १९३८ मध्ये जपानी सैन्य जवळ आल्यावर कारखान्याची यंत्रे आतल्या प्रांतांत हलवून तिचे उत्पादन चालूच ठेवले गेले.

नक्कल करताना गरज कशी बोलते, याचे आणखी एक उदाहरण चीनच्या शान्शी प्रांतात सापडेल. तिथले सत्ताधीश यान शीशान यांच्या तैयुआनच्या कारखान्यात टॉमसन गन या .४५ इंची अमेरिकन सबमशीन गनच्या नकला होत, म्हणून जर्मन माऊजर पिस्तूलही त्याच .४५ इंची काडतुसासाठी मोठे करून घडवले गेले.

शेवटी तुझ्या तक्त्याकडे वळतो. ‘२४ प्रकार’, म्हणजे चीनचे तेव्हाचे नेते च्यांग कै-शेक यांच्या नावाची रायफल, हिच्यापुढे तू १९२४ लिहिले आहेस. ८८ हा आकडा इसवी सनाचा, पण २४ हा चिनी प्रजासत्ताकाच्या शकाचा आहे. हान्यांगसमोर नदीपलीकडच्या वूचांगमध्ये १० ऑक्टोबर १९११ रोजी उठाव झाला आणि १९१२ हे प्रजासत्ताकाचे पहिले वर्ष ठरले. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे इथे १९११ मिळवायचे. म्हणजे १९३५ येते. ते दुरुस्त करून, नळीच्या आवरणाचा परिच्छेद नव्याने लिहून खर्डा परत पाठव.

तुझा,
सर