नाथसागरात मोठा कटला गळाला का लागत नाही

भाऊ, गळ बदलून उपयोग नाही, आधी नाथसागराचं, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं, पाणी समजून घ्या. कटला मासा साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. गोदावरीला पूर नसला की सगळी भिस्त धरणात सोडलेल्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर. आणि तीच बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात वर्षाच्या आत उचलली जाते. मग दहा किलोचा मासा येणार कुठून? त्यात चिलापी (तिलापिया) मासळी वर्षातून अनेकदा अंडी घालते, खाद्यात वाटा मागते.

पेंड-कणकेचा गोळा तळाशी सोडलात तर तळाशी चरणारा मृगळ मासाच येईल. कटला वरच्या थरात चरतो, म्हणून तरंडा (दोरीवरचा तरंगता तुकडा) लावून आमिष पाण्याखाली दीड-दोन हातांवर ठेवा. पाव-अर्ध्या किलोचं पिल्लू लागलं तर ओल्या हातानं सोडवून लगेच परत सोडा.