प्रशिक्षण झाले, पिल्ले आली. मग पहिल्या आठवड्यात ती का मरतात?

प्रश्न: आमच्या महिला बचत गटाने कोंबडीपालनाचे 3 दिवसांचे प्रशिक्षण घेऊन गिरिराजा या सुधारित जातीची एक दिवसाची 100 पिल्ले आणली. आठवड्यात 38 दगावली, बहुतेक पहाटे. गावातले जुने लोक म्हणतात, पूर्वी सुधारित कोंबडे वाटले होते, तेही टिकले नाहीत. मग प्रशिक्षणाचा उपयोग काय?

उत्तर: ताई, जुन्या लोकांचे म्हणणे खोटे नाही. पण दोष कोंबड्यांचा नव्हता, शिकवण्यात एक गोष्ट राहून गेली होती.

आपल्या देशात खेड्यात कोंबडीपालन शिकवण्याची पद्धतशीर सुरुवात 1912 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटा इथे अमेरिकन मिशनऱ्यांनी केली. तिथून पुढे बराच काळ भर वाण सुधारण्यावर होता. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड या परदेशी जातींचे नर द्यायचे आणि गावठी कोंबड्यांशी संकर करायचा. पण लेगहॉर्न अंड्यांसाठी घडवलेली जात, ती सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. गावठी कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, दाणा टिपायला लावते, घार दिसली की हाक देते. खुडूक कोंबडीचे हे काम आता माणसाने करायचे आहे, हे शिकणाऱ्याच्या हातात बसले नाही.

पुढे 1971 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, उरुळी कांचनला कुक्कुट व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली आणि व्यावसायिक शेडचे शास्त्र पक्के झाले. ते उत्तमच आहे. मात्र हजारो पक्ष्यांच्या शेडसाठीचे धडे 100 पिल्लांच्या खोलीत जसेच्या तसे चालत नाहीत. 1974 मध्ये पुदुच्चेरीत पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले ते हाताने करून शिकवण्यासाठी. तुमच्या 3 दिवसांत ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची सोय, प्रत्यक्ष लावून दाखवला होता का, हे आठवून पाहा.

पिल्ले पहाटे मेली, म्हणजे पहिला संशय थंडीचा. ऊब कमी पडली की ती कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. पुढच्या वेळी पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी भाताच्या तुसाचा 2 इंच थर द्या आणि पहिले 3 दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरा. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच, 5 फूट व्यासाचे गोल कडे करा. कोपरा राहता कामा नये. पिल्लामागे 2 वॅट या हिशेबाने साधे पिवळे बल्ब लावा, एलईडी पुरेशी उष्णता देत नाही. वीज जाणारच, तेव्हा कोळशाची शेगडी तयार ठेवा, पण खोलीत धूर कोंडू देऊ नका. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला 3 अंश कमी.

थर्मामीटरपेक्षा पिल्लेच नीट सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कड्याला लागून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता, सगळी एकाच बाजूला असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सारखी पसरून बसलेली असतील तर ठीक. रात्री 11 आणि पहाटे 4 वाजता हे पाहायला कोणीतरी उठलेच पाहिजे, गटात पाळ्या लावा.

आल्याबरोबर उकळून गार केलेले पाणी, लिटरला 80 ग्रॅम साखर घालून, फक्त पहिल्या दिवशी. चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. पाणी पिऊन झाल्यावर मक्याचा भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक मॅश, म्हणजे पिल्लांचे तयार खाद्य.

वाटलेले कोंबडे जगले नाहीत, त्यात मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाचाही वाटा असणार. 1927 मध्ये राणीखेतला आढळली म्हणून ती राणीखेत. 5 ते 7 व्या दिवशी तिची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. 14 व्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, 28 व्या दिवशी पुन्हा लासोटा, 8 व्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस पंखाखाली टोचून. हा शेवटचा डोस हमखास राहतो, कारण तोवर पक्षी घरोघर गेलेले असतात. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा आणि कालवल्यावर 2 तासांत संपवा.

गटातल्या एकीनेच 4 आठवडे सगळी पिल्ले वाढवावीत आणि मग वाटावीत, म्हणजे पहिला धोक्याचा काळ एकाच शिकलेल्या हाताखाली जातो. आणि गावठी खुडूक कोंबडी विकू नका. तिच्याखाली गिरिराजाची 10-12 फलित अंडी ठेवा, सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा. लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवा, नितळ दिसले तर काढा. 21 व्या दिवशी पिल्ले निघतात.