मुंग्या येणारे पाय आणि मुंग्या थांबलेले पाय

प्रश्न : माझे वय 58 आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचे गुळाचे अडत दुकान असून दिवसाचा बराच वेळ उभे राहण्यात जातो. नऊ वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिनची 1000 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. मागील तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 8.4 आले. वर्षभरापासून दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, आता त्या तळव्यांपर्यंत आल्या आहेत. रात्री अंथरुणावर पडले की तळव्यांची आग होते आणि चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. शेजारी म्हणतात, कमरेत शीर दबली असेल. औषधाच्या दुकानातून आणलेल्या नसांच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, फरक नाही. रोज रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकतो. आम्ही शाकाहारी आहोत. हे शुगरमुळेच आहे का आणि पूर्ण बरे होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटली ती आपण अगदी सहज लिहून गेला आहात, ती म्हणजे गरम पाण्याचा शेक. तो आजपासून बंद करावा. ज्या पायांना मुंग्या येतात त्यांची ऊन-गार ओळखण्याची शक्तीही कमी झालेली असू शकते आणि पायाला कोमट वाटणारे पाणी प्रत्यक्षात कातडी भाजण्याइतके कढत असू शकते. अशा भाजलेल्या पायाचा रुग्ण दुखते म्हणून दवाखान्यात येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत, फरशीवर उमटलेले ओले डाग त्यांच्या सुनेने पाहिले तेव्हा कुठे तळव्यावरचा फोड फुटल्याचे घरात समजले.

आता कारणाकडे वळू. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसांचे तंतू आणि त्या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही खराब होतात. कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब असल्याने त्यांचे शेवटचे टोक आधी बिघडते. म्हणून सुरुवात बोटांपासून होते, दोन्ही पायांना साधारण सारखीच होते आणि मोजा वर ओढत न्यावा तशी ती हळूहळू घोट्याकडे सरकते. कमरेत शीर दबली असती तर त्रास बहुधा एकाच पायाला झाला असता आणि कळ कंबर किंवा कुल्ल्यापासून मांडी-पोटरीकडे उतरली असती. आपले वर्णन पहिल्या प्रकारात चपखल बसते. मात्र एकाच पायातील शक्ती कमी होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर तो विषय वेगळा आणि तातडीचा आहे.

तरीही सगळे शुगरच्या माथी मारून मोकळे होऊ नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, शाकाहारी माणसाला ते आहारातून दूध-दह्याखेरीज फारसे मिळत नाही आणि त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. आपल्या बाबतीत बी-12 कमी होण्याची ही दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. बी-12 ची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते, परंतु आपण दोन महिने ज्या गोळ्या घेतल्या त्यात बी-12 असण्याचा संभव असल्याने त्या गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना अवश्य दाखवावे, कारण त्यामुळे चाचणीचा आकडा फसवा येऊ शकतो. त्यात बी-6 किती आहे हेही पाहू द्यावे. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत फार काळ घेतले तर तेच नसांना अपाय करते. ‘व्हिटॅमिनच आहे, काय होणार’ या समजुतीने गोळ्या चालू ठेवणारे पुष्कळजण मला भेटतात. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. कमतरता आढळली तर बी-12 देऊन ती भरून काढता येते. थायरॉइड, मूत्रपिंड आणि मद्यपान याही बाजू डॉक्टर तपासतील.

पायांची तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात (तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो) आणि कळले का, असे विचारतात. अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा ठेवतात, घोट्यापाशी हातोडी मारतात, पायातील नाडी चाचपतात. टाइप 2 मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासून दर वर्षी व्हायला हवी. ती होईपर्यंत घरी एक गोष्ट करता येईल. आपण डोळे मिटून पडावे आणि घरातील कोणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी अशा सहा टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद अलगद टेकवावी, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

पूर्ण बरे होईल का, या प्रश्नाचे उत्तर मी गोड करून देणार नाही. बी-12 ची कमतरता हे कारण असेल आणि ती वेळेत भरून निघाली, तर चांगली सुधारणा होऊ शकते. मधुमेहाने खराब झालेली नस पूर्ववत करणारे खात्रीचे औषध मात्र आज उपलब्ध नाही. साखर, रक्तदाब आणि तंबाखू-मशेरी आवरल्यास बिघाड पुढे सरकण्याचा वेग कमी करता येतो. साखर उपाशी राहून झटपट खाली आणू नये. ती फार वेगाने उतरली तर काहींच्या पायांची आग काही काळ उलट वाढते. आणि आपला धंदाच गुळाचा आहे म्हणून सांगतो, गूळ सेंद्रिय असो की साधा, रक्तातील साखर तो वाढवतोच. रात्रीच्या आगीसाठी ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे आहेत. ती नस दुरुस्त करीत नाहीत, पण झोप मिळवून देतात. प्रीगाबालिनने झापड आणि पायांना सूज येऊ शकते, तर प्रोस्टेटचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी अमिट्रिप्टिलिनबाबत डॉक्टरांशी आधी बोलावे.

एक शेवटचा विषय पायताणाचा. कोल्हापुरात बसून कोल्हापुरी चपलेविरुद्ध लिहिणे धाडसाचे आहे, पण भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून ती बधिर पायाला मानवते असे नाही. तिचा तळ कडक असतो, अंगठ्याचा पट्टा घासतो, टाचेला धरून ठेवणारे काही नसते, आणि नवी चप्पल चावते हे ज्या पायाला कळत नाही त्याला ती जखम करून मोकळी होते. दुकानात दिवसभर उभे राहण्यासाठी मऊ तळाचा, पुढून रुंद, मागून बंद बूट सुती मोज्यांसह वापरावा आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा, दुमडलेले अस्तर नाही ना, ते पाहावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या असून त्यांना 15 वर्षांपासून मधुमेह आहे. पायाला येणाऱ्या मुंग्या आता आपोआप थांबल्या आहेत. दर वर्षी चैत्रात त्या जोतिबाला अनवाणी जातात. आता त्रास थांबला आहे, तर जाऊ द्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : औषधात किंवा साखरेत काही बदल न होता मुंग्या आपोआप थांबल्या असतील, तर तो आनंदाचा भाग नसून त्यांच्या नसांनी बोलणे सोडले असण्याची शक्यता आहे. वर सांगितलेली सहा बोटांची परीक्षा आजच करावी. यात्रेला जाण्यास हरकत नाही, अनवाणी मात्र नको. चैत्रातील उन्हात तापलेला दगडी फरस त्यांच्या तळव्यांना भाजेल आणि त्यांना ते कळणार नाही. पहाटे निघावे, दाराशीच पायताण काढावे, आत सुती मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर उजेडात दोन्ही तळवे, टाचेच्या भेगा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. त्यांना वाकता येत नसेल तर आपण पाहाव्यात किंवा खाली आरसा धरावा. फोड, जखम, काळा डाग दिसला किंवा एकच पाय सुजून दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुरूप किंवा घट्टा असेल तर तो घरी ब्लेडने कापू नये.