वाचक विचारतात : अँडीजमधला गोठवलेला बटाटा

प्रश्न : दक्षिण अमेरिकेत टिटिकाका सरोवराभोवती बटाटा वर्षानुवर्षे टिकवतात म्हणे. फ्रीजशिवाय कसं शक्य आहे?

उत्तर : फ्रीजचं काम तिथली हवाच करते. बोलिव्हिया-पेरूमधलं हे पठार, आल्तिप्लानो, साधारण ३,८०० मीटर उंचीवर आहे. जून-जुलै हा तिथला कोरडा हिवाळा. आकाश निरभ्र असल्याने रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पारा शून्याखाली बराच उतरतो, दिवसा मात्र कडक ऊन. आयमारा आणि केचुआ या तिथल्या मूळ समाजांचे शेतकरी लहान बटाटे सपाट जागी एकेरी थरात पसरतात. तीन-चार रात्रींत ते गोठतात, दिवसा वितळून मऊ पडतात. मग अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, सालंही त्यातच सुटतात. पुढे उन्हात खडखडीत वाळवलं की झाला ‘चुन्यो’ : काळा, खड्यासारखा, वजनाने मूळच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास.

पांढऱ्या प्रकाराला, ‘तुंता’ला, गोठवल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे उंचावरच्या कडू जातींमधलं विषारी द्रव्य बरंच धुऊन जातं.

फसतं ते ढगांमुळे. ढगाळ रात्री पुरेसं गोठत नाही आणि ओला बटाटा सडतो. रांधण्याआधी चुन्यो रात्रभर भिजवावा लागतो, नाहीतर आतून कडकच राहतो. शिवाय त्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजायलाही वेळ लागतो.

जाता जाता : आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा!