‘डाउनप्ले करणे’ला ‘कमी लेखणे’ म्हणता येईल का?

काही ठिकाणी चालून जातं, पण बऱ्याचदा अर्थ फिरतो. आमच्या घरातलंच उदाहरण देतो.

आम्ही श्रीवर्धनचे, पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं. इशारे आधीपासून येत होते. पण २००९ च्या ‘फयान’मध्ये आमची वाडी वाचली होती, त्यामुळे बाबा म्हणाले, “येईल नि जाईल.” इथे आम्ही वादळाला कमी लेखलं. लेखणे म्हणजे मनात गणणे, मानणे. ‘त्याच्या लेखी मी कोणीच नाही’ यातलं ‘लेखी’ त्याच घरचं. मालवणीत ‘तो कोणाक मोजणा नाय’ म्हणतात, तिथेही हिशेब मनातलाच.

दुपारी काही तासांत निम्मी वाडी आडवी झाली. मुंबईच्या आत्याचा फोन लागला तो चौथ्या दिवशी. बाबा तिला म्हणाले, “काही नाही गं, दोन-चार पोफळी पडल्या, थोडी कौलं गेली.” पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पडलेल्या एकेका झाडाचं मोल त्यांना पाठ होतं. म्हणजे त्यांनी नुकसान कमी लेखलं नव्हतं, कमी करून सांगितलं होतं. आत्याला रक्तदाबाचा त्रास, म्हणून. तुमचा ‘डाउनप्ले’ हा आहे. तिखटमीठ लावून सांगण्याच्या अगदी उलट.

त्यामुळे मी स्वतः ‘कमी करून सांगणे’ किंवा ‘सौम्य करून सांगणे’ लिहीन. ‘सारवासारव’ नको, त्यात स्वतःची चूक झाकणं येतं. ‘डावलणे’ तर वेगळंच: हक्काच्या माणसाला बाजूला सारून पुढे जाणं, जसं ज्येष्ठता डावलून बढती देणं. तोंडावर कमी लेखलं, की त्याला ‘हिणवणे’ म्हणतात.

माणसाबद्दल लिहिताना ‘ला’ विसरू नका: ‘तिने सुनेला कमी लेखलं’. वस्तूला तो नसला तरी चालतो: ‘धोका कमी लेखला’.

भाषांतर करत असाल तर हा फरक जपाच. ‘डॉक्टरांनी धोका कमी लेखला’ म्हटलं तर त्यांचा अंदाज चुकला. ‘धोका कमी करून सांगितला’ म्हटलं तर त्यांना सगळं ठाऊक होतं.