उद्या तिथे ‘बाहेरची’ तू असशील

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू परळला घरी आलीस, परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीचा कागद माझ्यापुढे ठेवलास आणि निघताना दारात चपला घालत म्हणालीस, “इथे नर्सच्या सगळ्या जागा केरळच्या मुलींनी भरल्यात, मॅडम. आपल्याला वाव कुठे उरलाय? त्यापेक्षा मी लंडनला जाते.” तू गेलीस, पण ते बोलणं दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. कागदाबद्दल लिहीनच. आधी त्या बोलण्याबद्दल.

तुझ्या वयाची असताना मीही हेच बोलत होते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून १९९४मध्ये मी एका खासगी हॉस्पिटलात लागले. वॉर्डात आम्ही सहाजणी, त्यांतल्या चौघी मल्याळी. त्या आपसात मल्याळममध्ये बोलायला लागल्या की आपल्याच मुंबईत आपण पाहुण्या आहोत असं मला वाटायचं. डबल ड्यूटीला त्या कधी नाही म्हणत नसत. मी नाही म्हटलं की इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, “त्यांना जमतं, तुलाच कसं जमत नाही?” राग मला इनचार्जचा यायला हवा होता. यायचा त्या चौघींचा.

वर्षभराने एकदा नाइटला त्यांतली एक रडत बसलेली दिसली. वडील आजारी होते आणि तिला गावी जाऊ देत नव्हते. बॉण्डच्या नावाखाली त्या चौघींची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात होती. नोकरी सोडायची तर पैसे भरा, मगच कागद परत. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर, घर दीड-दोन दिवसांच्या प्रवासावर. त्या हो म्हणत होत्या, कारण नाही म्हणायची त्यांना सोयच नव्हती. माझे कागद माझ्या आईच्या ट्रंकेत होते आणि घर कल्याण लोकलने तासाभरावर. माझ्या ‘नाही’मागे एवढं बळ होतं, हे तोवर मला कळलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. त्या वेळी आपल्या किती घरांनी मुलींना नर्सिंगला घातलं? “बेडपॅन उचलणार, रात्री बाहेर राहणार, मग लग्न कसं जमायचं?” हे मी माझ्याच मामाच्या तोंडून ऐकलंय. जागा त्यांनी हिसकावल्या नाहीत. आपण त्या रिकाम्या ठेवल्या होत्या.

खासगी हॉस्पिटलांतल्या पगारांचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१६मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं की २०० खाटांच्या वरच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा आणि ५० खाटांहून लहान असेल तरी २०,००० रुपयांच्या खाली नसावा. तुझ्या हातात आज किती येतात ते तू मला सांगितलंस. हा आकडा कुणी खाली ठेवला, याचा विचार कर. शेजारच्या बेडवर सलाइन लावणाऱ्या सिस्टरने नाही ठेवलेला.

आता तिकडचं. मी २००२मध्ये गेले. त्या वेळी इंग्लंडला नर्स हव्याच होत्या. तिथे रजिस्टर होण्याआधी ‘अॅडाप्टेशन’ म्हणजे काही महिने देखरेखीखाली काम करावं लागे. मला एका खासगी नर्सिंग होममध्ये टाकलं आणि ते महिने केअररच्या, म्हणजे मदतनिसाच्या, पगारावर राबवलं. पहिल्याच सकाळी एका ८९ वर्षांच्या आजोबांना अंघोळ घालायला सांगितली. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं नातेवाईक करतात, नाहीतर मावशी करते. तिथे ते नर्सचंही काम. आणि मुंबईत एका रात्रीत पंधरा-वीस सलाइनी लावलेल्या मला तिथे प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट होईपर्यंत सुईला हात लावू देईनात. आपली किंमत उतरली असं वाटून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आज वाटतं, माणसाला नीट न्हाऊ घालणं मी त्या आजोबांकडून शिकले. त्यांच्या पाठीवर टाचेएवढं लाल झालेलं मला अंघोळ घालतानाच दिसलं आणि बेडसोअर व्हायच्या आधी थांबला. हे तुझ्याही वाट्याला येईल. ते कमीपणाचं समजू नकोस.

त्यानंतर २००६ उजाडलं. जुलैमध्ये तिथल्या सरकारने बँड पाच आणि सहा या पगारश्रेणींतल्या सर्वसाधारण नर्स तुटवड्याच्या यादीतून काढून टाकल्या. म्हणजे बाहेरच्या नर्सला घ्यायचं तर आधी जाहिरात द्यायची आणि तिथली किंवा युरोपातली नर्स मिळत नाही हे दाखवायचं. माझ्या मागून आलेल्या एका मैत्रिणीचं अॅडाप्टेशन संपलं होतं, रजिस्ट्रेशन हातात होतं, पण तिच्यासाठी वर्क परमिट काढायला कुणी तयार होईना. सासूचे पाटल्या-बिलवर गहाण टाकून आलेली ती मुलगी रिकाम्या हातांनी डोंबिवलीला परतली. कामात ती माझ्यापेक्षा चांगली होती. चार वर्षं आधी निघाले होते म्हणून मी राहिले.

पुढे तुटवडा पुन्हा वाढला आणि ऑक्टोबर २०१५मध्ये नर्स त्या यादीत परत आल्या. ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या नर्सचं येणं आटलं, तेव्हा तर भारतातून आणि फिलिपिन्समधून भरभरून मुली गेल्या. आता वारं परत फिरलंय. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात परदेशातून येऊन तिथे रजिस्टर झालेल्या नर्स आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. तिथल्या सरकारच्या मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत कायमचं राहायला मिळण्याची मुदत पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव आला. म्हणून म्हणते, बोलावतात तेव्हा हुरळून जाऊ नकोस आणि दार लावलं तर स्वतःला कमी लेखू नकोस. ते दार तुझ्याकडे बघून उघडत नाही, लागतही नाही.

गेल्या वर्षी तिथल्या माझ्या जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणीचा फोन आला. जन्माने तिथलीच, मी गेले तेव्हा मला पहिल्यांदा जेवायला घरी नेणारी. तिची मुलगी नर्सिंग करून बाहेर पडली आणि तिला नोकरी मिळेना. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची सरकारी शिष्यवृत्ती २०१७मध्ये बंद झाली, त्यामुळे पोरीवर कर्ज. बोलता बोलता मैत्रीण अडखळली आणि म्हणाली, “तुमच्याकडच्या मुली इतक्या आहेत ना आता...” पुढचं तिने गिळलं. मला मात्र ते पूर्ण ऐकू आलं, कारण ते माझंच वाक्य होतं, १९९४चं. आणि परवा दारात उभं राहून तू म्हणालीस तेच.

तिला मी काय सांगितलं? की पेशंट कमी झालेले नाहीत. पैसा नाही म्हणून हॉस्पिटलांनी जागा भरणं थांबवलंय, आणि त्याचा राग माझ्या पोरींवर काढू नकोस. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या सरकारने नव्याने पास झालेल्या नर्ससाठी नोकरीच्या हमीची योजना जाहीर केली. ते योग्यच आहे. आपल्या मुलांना शिकवून रस्त्यावर सोडू नये, हे मुंबईत खरं असेल तर लंडनमध्येही खरं. तिथे गेल्यावर एखादी पोरगी तुझ्याशी तुटक वागली तर हे आठव.

आता तुझा कागद. तो मी तीन वेळा वाचला. त्यात लिहिलंय, आधी ‘केअर असिस्टंट’ म्हणून व्हिसा, नंतर नर्स. मुली, २२ जुलै २०२५पासून केअर वर्करसाठी, म्हणजे अशाच मदतनिसाच्या कामासाठी, परदेशातून नवी भरती बंद आहे. हा रस्ताच उरलेला नाही. आणि चार लाख ‘प्रोसेसिंग’चे! नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतली ‘एनएचएस एम्प्लॉयर्स’ ही संस्था नैतिक भरती करणाऱ्या एजन्सींची यादी ठेवते. हे नाव त्यात नाही, मी पाहिलं. सही करू नकोस. आगाऊ दिलेले दहा हजार परत माग. नाही म्हणाले तर मी येते तुझ्याबरोबर.

जायचंच असेल तर नर्स म्हणूनच जा. रजिस्ट्रेशन ज्याच्या हातात, त्याला कुणी हलक्यात घेत नाही. ओईटी किंवा आयईएलटीएस, यांपैकी एक इंग्रजीची परीक्षा दे. आयईएलटीएसला सात लागतात, लेखनात साडेसहा चालतात, आणि आपल्या मुली नेमक्या लेखनात अडकतात, म्हणून आजपासून रोज एक पान लिही. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ती इथे बसूनच देता येते. तिथे गेल्यावर ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा, दहा स्टेशनांची. आपल्या हातांना सवय असते, पण प्रत्येक गोष्ट पेशंटला सांगून, विचारून करायची सवय नसते. तुझ्या वॉर्डात उद्यापासून सुरू कर. इंजेक्शन देण्याआधी आजींना सांग काय देतेस ते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून कागदांची पडताळणी लवकर मागव, तिला वेळ लागतो.

करार आला की दोन गोष्टी बघ. मुदतीआधी सोडलंस तर किती पैसे परत मागणार आणि ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का. आणि ऑस्की पास होईपर्यंत पगार किती, पास झाल्यावर किती. तुझा व्हिसा मालकाशी बांधलेला असेल. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. आता कळलं ना, त्या चौघी डबल ड्यूटीला हो का म्हणायच्या? तिथल्या मुली आपल्यावर रागावतात तो बहुतेक वेळा याच कारणाने. आपण कमी पैशांत, जास्त तास, तोंड मिटून करतो आणि मग तेच माप त्यांनाही लावलं जातं. म्हणून पहिल्या पगारातून युनियनची वर्गणी भर. मी ती पाच वर्षं वाचवली. ते पैसे वाचवणं ही माझी तिथली सगळ्यात मोठी चूक होती. ड्यूटी संपल्यानंतरचे तास लिहून ठेव आणि मागून घे. स्थानिक मुलीसाठीही यापेक्षा मोठं काही तू करू शकणार नाहीस.

सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे इथे आईच्या नावावर ठेवूनच निघ. कर्ज काढून जाणारीला परतीचं तिकीट काढता येत नाही.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मी गेले, चौदा वर्षं राहिले, धाकट्या भावाचं शिक्षण केलं, परळची ही खोली घेतली. फक्त इथल्या रागावर जाऊ नकोस.

सोमवारी तुला नाइट आहे आणि तुझ्या वॉर्डात त्या कोट्टयमच्या सिस्टरही असतील, वीस वर्षं झालेल्या. दोनच्या राउंडनंतर जरा निवांत वेळ मिळतो. डबा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि विचार, मुंबईत पहिला महिना कसा काढलात.

तुझी,
ताई